आजवा रस्ता आणि काचेवरचं पाणी

बडोद्यात हिवाळ्यातला रविवार घरात बसून घालवायचा नसतो. सकाळी लवकर उठायचं, पावागड, डाकोर, चांदोद असं कुठेतरी जाऊन यायचं, येताना सेव-उसळ खायची आणि दुपारी ताणून द्यायची. मागच्या डिसेंबरमधल्या एका शनिवारी रात्री जेवताना बाबा म्हणाले, "आजव्याचं सरोवर बघून किती वर्षं झाली रे! उद्या जाऊन येऊ या."

आजवा काही लांब नाही. शहराच्या पूर्वेला वीसेक किलोमीटर. लहानपणी शाळेची सहल हमखास तिथेच जायची. बागेतली कारंजी बघायची, डबे खायचे, परत यायचं. माझ्या सात वर्षांच्या लेकीने ते सरोवर अजून पाहिलंच नव्हतं. त्यामुळे बेत लगेच ठरला. पुढे मी आणि बाबा, मागे आई, बायको आणि मध्ये लेक. बरोबर थर्मासमध्ये चहा आणि डब्यात मेथीचे ठेपले. तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या मराठी घरात प्रवासाला ठेपलेच असतात.

निघण्यापूर्वी बाबांनी विचारलं, "काच पुसून घेतलीस ना?" मी "हो" म्हणालो. हातातल्या फडक्याने मी दोन हात मारले होते, तेवढंच. वॉशरचं पाणी नीट येत नाही, हे मला दोन महिने माहीत होतं. दांडी ओढली की डावीकडून बारीकशी पिचकारी यायची आणि माझ्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, काहीच नाही. "सर्व्हिसिंगला दाखवू" असं म्हणत दिवाळी गेली. गाडी चालते आहे, ब्रेक लागतात, एसी थंड आहे, मग काचेवरच्या पाण्याचं काय एवढं!

मांजलपूरहून आम्ही हायवेवर आलो आणि आजवा चोकडीला उजवीकडे वळलो. सव्वासात वाजून गेले असतील. डिसेंबरात सूर्य उशिरा उगवतो आणि वर यायलाही वेळ घेतो. आजवा रस्ता सरळ पूर्वेकडे जातो, त्यामुळे वळल्याबरोबर सूर्य थेट समोर आला. रात्रभर पडलेलं दव काचेच्या कडांना अजून होतं. पुढे मातीने भरलेला एक डंपर चालला होता. त्याच्यावर ताडपत्री नव्हती. बारीक माती उडत होती आणि ओलसर काचेवर बसत होती.

मी सवयीने दांडी ओढली. डावीकडून दोन थेंब आले. वायपर फिरला आणि दव, माती आणि ते दोन थेंब मिळून काचेवर पातळ चिखलाचा लेप पसरला. त्यावर समोरून ऊन पडलं आणि सगळी काच पिवळट पांढरी झाली. रस्ता, झाडं, डंपर, काहीच दिसेना. मी ब्रेकवर पाय ठेवला, डावीकडे सरकलो आणि त्याच वेळी बाबा ओरडले, "थांब! सायकल!"

गाडी थांबली. बाजूच्या खिडकीतून पाहिलं तर सायकलवर एक माणूस होता. हँडलला जेवणाचा डबा लटकवलेला, डोक्याला मफलर. तो आणि आमचा आरसा यांच्यात हातभर अंतर असेल. त्याने एक पाय जमिनीवर टेकवला, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "भाई, काच तो साफ राखो." आणि पॅडल मारत निघून गेला.

तो शिव्या देता तर बरं झालं असतं. मागच्या सीटवर कोणी काही बोललं नाही. बाबा खाली उतरले, पिण्याच्या पाण्याची बाटली काचेवर रिकामी केली आणि खिशातल्या रुमालाने माझ्या बाजूची काच पुसली. आत बसून एवढंच विचारलं, "कधीपासून येत नाहीये?"

"दोन महिने झाले असतील."

"बरं," ते म्हणाले. तेवढंच. उरलेला रस्ता मी तीसच्या वेगाने काटला.

आजव्याला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. बांधावरून सरोवर पाहिलं की शहरातला माणूस जरा वेळ गप्पच होतो. समोर पसरलेलं पाणी, काठाला बगळे, आणि कुठेतरी मगरी आहेत ही माहिती, त्यामुळे लेकीने माझं बोट घट्ट धरलेलं. सयाजीराव महाराजांच्या नावावरून याला सयाजी सरोवर म्हणतात. महाराज १८७५ ते १९३९ एवढा काळ गादीवर होते. त्यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे सरोवर बांधलं गेलं आणि बडोद्याच्या घराघरांत नळाचं पाणी पोचायला लागलं. त्याआधी शहर विहिरी आणि तळ्यांवर अवलंबून होतं.

बाबा चहा पिता पिता लेकीला सांगू लागले, "हे मातीचं धरण आहे. एवढं पाणी मातीच्या बांधाने अडवलंय. आणि गंमत अशी की इथून शहरात पाणी न्यायला पंपाची गरज नव्हती. ही जागा शहरापेक्षा उंच आहे. पाणी आपलं आपण उतारावरून जातं. वाटेत निमेट्याला ते गाळून शुद्ध करतात आणि मग ते आपल्याकडे येतं."

"आपल्या बाथरूममध्ये येतं ते हेच?" लेकीने विचारलं.

"काही भागांत हे, काही भागांत मही नदीचं. नदीच्या पात्रात मोठ्या विहिरी खोदल्यात, त्यांना फ्रेंच विहिरी म्हणतात. तिथलंही येतं."

सरोवर भरून वाहू लागलं की जादा पाणी विश्वामित्रीत जातं, हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. पावागडाच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहराच्या मधून जाते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आजव्याची पातळी किती फूट झाली, हे आम्ही सगळे क्रिकेटच्या स्कोअरसारखं तासातासाला बघत होतो. ज्या पाण्यावर शहर जगतं, तेच पाणी त्या आठवड्यात कित्येकांच्या घरात आणि गाड्यांत शिरलं होतं.

मी हे सगळं ऐकत होतो, पण डोळ्यांसमोरून ती सायकल जात नव्हती. बाबांच्या ते लक्षात आलं असावं. परत निघताना ते म्हणाले, "घरी गेल्यावर बोनेट उघडू. गॅरेजला न्यायची गरज नाही."

माझे बाबा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. आयटीआय शिकलेले. मी मात्र बी. ई. झालेला, तेही कलाभवनातून. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथल्या मुलांना हाताने काम करायला शिकवण्यासाठी जी संस्था काढली, तीच पुढे विद्यापीठाची तंत्रशास्त्र आणि अभियांत्रिकी शाखा झाली. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. आणि त्याच कलाभवनातून बाहेर पडलेल्या माझ्यासारख्या माणसाने आपल्या गाडीचं बोनेट आठ वर्षांत फक्त पाणी भरायला उघडलं होतं.

घरी येईपर्यंत माझं निदान तयार होतं. पंप खराब झाला असणार. फोनवर नवा पंप शोधून मी तो मागवायच्या बेतात होतो. बाबांनी फोनकडे पाहिलं आणि विचारलं, "पंप गेलाय कशावरून?"

"पाणी येत नाही म्हणून."

"नळाला पाणी आलं नाही तर आजव्याचं सरोवर आटलं म्हणशील का? आधी पाणी कुठपर्यंत येतंय ते बघू."

मग त्यांनी मला ही सगळी यंत्रणा समजावली. सांगायला लाज वाटते, पण मला ती नीट माहीत नव्हती. म्हणून इथे लिहितो, कारण माझ्यासारखे बरेच असतील.

काचेवरच्या पाण्याची एक प्लास्टिकची टाकी असते. बोनेट उघडल्यावर तिचं तोंड दिसतं. झाकणावर काच आणि फवारा यांचं चित्र असतं. पण पुष्कळ गाड्यांत टाकीचं पोट खाली, बंपरच्या मागे किंवा चाकाजवळ लपलेलं असतं. टाकीच्या तळाशी रबराच्या बुचात एक छोटा विजेचा पंप बसवलेला असतो आणि त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते. पंपातून एक बारीक रबरी नळी निघते, बोनेटच्या आतल्या बाजूने वर जाते, तिथे तिला दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एकेका नोझलला जोडलेला असतो. काही गाड्यांत वाटेत एक छोटा वाल्व असतो, तो पाणी मागे जाऊ देत नाही. तो नसला किंवा बिघडला तर पाणी नळीतून खाली उतरतं आणि दांडी ओढल्यावर फवारा यायला वेळ लागतो.

"आजव्याला पंप लागला नाही, कारण सरोवर वर आणि शहर खाली," बाबा म्हणाले. "इथे उलटं आहे. टाकी खाली आणि नोझल वर. म्हणून पंप. बाकी सगळं तेच. साठा, गाळणी, नळी, तोटी."

पहिलं काम ऐकण्याचं होतं. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली. बाबा बोनेटजवळ कान देऊन उभे राहिले आणि मी दांडी ओढली. खालून घूंऽऽ असा आवाज आला.

"पंप जिवंत आहे," बाबा म्हणाले. "पाठव तुझी ऑर्डर परत."

आवाज आला नसता तर रस्ता वेगळा होता. मग आधी फ्यूज बघायचा. कुठला फ्यूज कशाचा, ते गाडीच्या पुस्तकात आणि बहुधा फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं. फ्यूज चांगला असेल तर पंपाला जाणारा प्लग काढून, कोणाला तरी दांडी ओढायला लावून, मल्टिमीटरने बघायचं. बारा व्होल्टच्या आसपास येत असतील आणि तरी पंप फिरत नसेल तर पंप गेला. व्होल्ट येतच नसतील तर दोष तारेत किंवा दांडीच्या स्विचमध्ये. तोपर्यंत नवा पंप घेण्यात अर्थ नाही. मागच्या काचेलाही वायपर असलेल्या पुष्कळ गाड्यांत एकच पंप दोन्हीकडे पाणी देतो. एका दिशेने फिरला की पुढे, उलट फिरला की मागे. अशा गाडीत मागे पाणी येतंय का, हे पाहिलं तरी अर्धं उत्तर मिळतं.

आमचा पंप बोलत होता. टाकी मी गळ्यापर्यंत भरली. गाडीखाली कुठे थेंब पडतात का ते पाहिलं. पार्किंगमध्ये उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात, हा आमच्या सोसायटीतला जुना अनुभव. जमीन कोरडी होती, म्हणजे नळी शाबूत.

"आता मधोमध तोडून बघ," बाबा म्हणाले.

बोनेटखाली जिथे नळीला दोन फाटे फुटतात, तिथे मी ती अलगद ओढून काढली आणि तोंड एका बाटलीत धरलं. लेक ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. तिने मोठ्या उत्साहाने दांडी ओढली. बाटलीत पाण्याची बारीक, रडकी धार आली.

"इथेच कमी येतंय," मी म्हणालो. "म्हणजे दोष याच्या अलीकडे."

आणि तेव्हा मला जाणवलं की हे तर मी रोज ऑफिसात करतो. एखादा प्रोग्राम चुकीचं उत्तर देत असला की आपण सगळा कोड बदलत बसत नाही. मध्यावर थांबून बघतो, इथपर्यंत बरोबर आहे का? असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा. आम्ही त्याला बायनरी सर्च म्हणतो आणि नोकरीच्या मुलाखतीत त्यावर प्रश्न विचारतो. बाबांनी ते नाव कधी ऐकलेलं नाही, पण कारखान्यातल्या बंद पडलेल्या लाइनवर तीस वर्षं त्यांनी हेच केलं. आणि मी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत पहिल्या झटक्यात पंप बदलायला निघालो होतो.

पुढचं काम खटपटीचं होतं. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून, चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर पकडणारे दोन-तीन स्क्रू काढले, तेव्हा कुठे टाकीचा तळ दिसला. खाली बादली ठेवली. बाबांनी आधी विजेचा प्लग काढला, मग नळी, आणि मग पंप हलकेच फिरवत रबरातून बाहेर ओढला. टाकीतलं सगळं पाणी भसकन बादलीत आलं. त्या पाण्यात हिरवट, बुळबुळीत लोळ तरंगत होते. आणि पंपाच्या जाळीवर पांढरा चुरा आणि शेवाळ मिळून चक्क एक बूच झालं होतं.

बाबांनी ते बोटांत चोळून पाहिलं. "कुठलं पाणी भरतोस यात?"

"खालच्या नळाचं."

"म्हणजे बोअरचं."

आमच्या सोसायटीत घरांना महापालिकेचं पाणी येतं आणि खाली बाग व गाड्या धुवायच्या नळाला बोअरचं. बोअरचं पाणी जड. बादलीवर, फरशीवर, गाडीच्या काचेवर त्याचे पांढरे डाग उठतात. आठ वर्षं मी तेच टाकीत ओतत होतो. वर फेस यावा म्हणून भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. बडोद्याच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मग पुन्हा भर, पुन्हा उडून जा. साबणाचा चिकटा त्यात मिसळतो आणि तो नोझलच्या भोकात वाळून बसतो.

"घरात आजव्याचं पाणी येतं आणि गाडीला बोअरचं!" आई गॅलरीतून म्हणाली. सकाळपासून तिचं हे पहिलं वाक्य होतं. मला फार बरं वाटलं.

टाकी चार वेळा खळबळून धुतली. जाळी जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने साफ केली. जाळी काढून टाकायची नाही, हे बाबांनी बजावलं. पुष्कळ जण ती काढून फेकतात, मग कचरा पंपात आणि पुढे नोझलमध्ये जातो. सगळं परत बसवलं, या खेपेला गाळलेलं पाणी भरलं आणि फाट्याशी पुन्हा तपासलं. आता बाटलीत जोरदार धार आली. नळी जोडली. डावीकडचा फवारा थेट काचेच्या वरच्या कडेपर्यंत गेला. उजवीकडे मात्र अजूनही काही नाही.

म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. जाळी तुंबल्यामुळे दाब कमी आणि त्यातून माझ्या बाजूच्या नोझलचं भोक क्षारांनी बंद. नुसता नवा पंप बसवला असता, तर माझ्या बाजूची काच तशीच कोरडी राहिली असती. मग मी नवीन पंपालाच नावं ठेवली असती.

नोझलवर बायकोने व्हिनेगरात भिजवलेला कापसाचा बोळा अर्धा तास ठेवला. क्षार आंबटाने विरघळतात, चहाच्या किटलीला लिंबू लावतो तसंच. मग अगदी बारीक सुई घालून भोक मोकळं केलं. इथे जोर करायचा नाही. भोक मोठं झालं की फवाऱ्याऐवजी ओघळ येतो. आमच्या नोझलमध्ये भोक असलेली छोटी गोळी आहे, ती सुईने फिरवता येते. काही नव्या गाड्यांत पंख्यासारखा पसरणारा फवारा असतो, त्यात सुई घालायला जाऊ नये.

लेकीने दांडी ओढली. उजवीकडून सणसणीत फवारा निघाला, काचेवरून, टपावरून थेट मागे उभ्या असलेल्या शेजारच्या काकांच्या स्कूटरवर. काका तिथेच होते. "अरे भाई, धोवी ज होय तो आखी धोई नाखो!" ते म्हणाले, म्हणजे धुवायचीच असेल तर पूर्ण धुवा. गोळी जरा खाली वळवली आणि फवारा काचेच्या मध्याच्या थोडा वर पडेल असा लावला. गाडी वेगात असली की वारा पाणी खाली दाबतो, म्हणून अगदी मध्यावर नको.

रात्री सगळे झोपल्यावर मी वाचत बसलो. वायपरचं अमेरिकेतलं पेटंट १९०३ साली मेरी अँडरसन या अलाबामातल्या बाईंनी घेतलं होतं. न्यूयॉर्कमध्ये थंडीत ट्राममधून जाताना त्यांनी पाहिलं, की काचेवर हिमवर्षाव साचतो आणि दिसावं म्हणून चालकाला गारठ्यात खिडकी उघडावी लागते. त्यांनी आतून हाताने फिरवायचा वायपर काढला. त्या वेळी तो विकत घ्यायला कोणी पुढे आलं नाही. दोन महिने मी ज्याला क्षुल्लक समजत होतो, त्यावर कोणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी इतका विचार केला होता.

आणखी एक गोष्ट कळली ती जरा घाबरवणारी. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वॉशरच्या टाकीत नुसतं पाणी वापरणाऱ्या चालकांमध्ये लेजिओनेला जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका जास्त दिसला. साचलेल्या कोमट पाण्यात हे जिवाणू वाढतात आणि फवाऱ्याच्या तुषारांतून श्वासात जाऊ शकतात. बादलीतले ते हिरवे लोळ आठवले आणि अंगावर काटा आला. म्हणून आता मी टाकीत काचेसाठीचं तयार द्रावण डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळतो. रेडिएटरचं कूलंट मात्र चुकूनही घालायचं नाही. ते काचेवर तेलकट थर धरतं आणि रंगालाही बाधतं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीला फोनवर हे सांगितलं तर ती हसली. तिच्याकडे हिवाळ्यात नुसतं पाणी भरलं तर टाकीत, नळीत त्याचा बर्फच होतो, पंप किंवा टाकी फुटूही शकते. त्यामुळे तिथे थंडीत न गोठणारं द्रावण भरण्याला पर्याय नाही. ती म्हणाली, "इथे पहिल्याच हिवाळ्यात शिकले मी. तुला आठ वर्षं लागली, कारण बडोद्यात चालून जातं."

"चालून जातं" हेच खरं. पावसाळ्यात आभाळ काच धुतं, म्हणून चालून जातं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, म्हणून चालून जातं. डिसेंबर-जानेवारीत मात्र तिन्ही गोष्टी एकत्र येतात. पहाटेचं दव, शहराभोवती चाललेल्या बांधकामांची माती आणि क्षितिजाला टेकलेला सूर्य. स्वच्छ काचेतून ऊन सरळ आत येतं, त्रास होतो पण दिसतं. मळक्या काचेवर धुळीचा प्रत्येक कण ते ऊन सगळीकडे उधळतो आणि सगळी काचच उजळून निघते. कोरडा वायपर फिरवला तर मातीने काचेवर बारीक चरे पडतात, वायपरचं रबर झिजतं आणि पुढच्या वर्षी तेच चरे उन्हात चमकतात. उत्तरायणाच्या दिवसांत तर वायपरच्या दांड्यात मांजाही अडकतो. तो ओढून काढायला वायपर चालवू नका, उतरून हाताने काढा, पण जपून.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे एक ठरलेलं काम असतं. मी टाकीतलं पाणी बघतो, वायपरचं रबर ओल्या कापडाने पुसतो आणि लेक दांडी ओढते. तिला सांगून ठेवलंय की सलग चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त ओढायची नाही आणि टाकी रिकामी असताना तर मुळीच नाही, कारण पाण्याविना फिरला की पंप तापतो. दोन्हीकडून फवारा आला की ती ओरडून आजोबांना सांगते, "आजोबा, आजवा आला!"

जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. मुद्दाम त्याच वेळी. आजवा चोकडीला वळलो आणि सूर्य पुन्हा तसाच समोर आला. मी दांडी ओढली, दोन्ही बाजूंनी पाणी आलं, वायपर दोनदा फिरला आणि रस्ता लख्ख दिसू लागला. कडेने सायकलींवरून माणसं कामाला चालली होती, कोणाच्या हँडलला डबा, कोणाच्या मागे पाण्याचा कॅन. एकेकाचा मफलरचा रंगसुद्धा दिसत होता. तो माणूस त्यांच्यात होता का, मला ओळखता आलं नाही. त्या दिवशी त्याचा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता.

बाबांनी काचेकडे पाहिलं, खिशातला रुमाल काढून नाक पुसलं आणि म्हणाले, "निमेट्याला थांबव. चहा घेऊ."

तुमच्यापैकी जे हे वाचताय आणि ज्यांच्या गाडीचं पाणी "जरा कमी येतंय", त्यांना एकच विनंती. आज संध्याकाळी पार्किंगमध्ये जा, इंजिन बंद ठेवून चावी फिरवा आणि दांडी ओढून ऐका. घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांनाही बरोबर घ्या.